आता वाढव

"वाढवलंय," कौशल्या माळी उंबऱ्यातच कुजबुजली आणि पदराआडची मूठ तिने माझ्यापुढे उघडली.

मुठीत रुमाल होता, रुमालात काळ्या मण्यांचा ढीग आणि सोन्याच्या दोन वाट्या. गळ्यात तिने तोवर पिवळ्या दोऱ्याने हळकुंड बांधून घेतलं होतं.

"हापशाच्या दांड्यात अडकलं बघा. सासूला अजून ठावं न्हाई. तेवढं लगेच गाठून द्या, देवळापुढं माझ्या माळा सुकायला लागल्यात."

"आत ये आधी," भिंतीला टेकून बसलेल्या आत्या म्हणाल्या. "कोण? माळ्याची कौशल्या ना? मणी किती सांडले?"

"असतील पाच-सहा."

"मालू, हिला सहा मणी घाल. आन् गूळपाणी दे, पोरगी घाबरलीय."

मालू म्हणजे मी. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. बार्शीत भगवंताच्या देवळामागच्या बोळात आमचं घर होतं आणि घराची पुढची खोली हेच दुकान. पाटी नाही, कपाट नाही. एक सतरंजी, दोऱ्यांचा पत्र्याचा डबा आणि मण्यांच्या दोन पितळी वाट्या, डावीकडे काळे, उजवीकडे लाल. मंगळसूत्रं गाठायचं काम आत्यांच्या सासरी तीन पिढ्यांचं. दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणायचा, मणी ओवायचे आणि शेवटची गाठ अशी मारायची की ती गाठ आहे हे कळूसुद्धा नये. आत्यांनी मारलेली गाठ सुटल्याचं मी कधी पाहिलं नाही. माझी दोन वर्षांत सुटायची.

या घरात 'तुटलं' हा शब्द चालत नसे. मंगळसूत्र वाढवतं, बांगडी वाढवते, नारळही वाढवतात. दुकानसुद्धा संध्याकाळी बंद करत नाहीत, वाढवतात. दिवेलागणीला आत्या "आता वाढव" म्हणाल्या की मी डब्याचं झाकण लावायची. माझे वडील एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. आमच्याकडे तुटलं की तुटलं म्हणायचे आणि वर एक शिवी हासडायचे. त्यामुळे लग्नानंतर वर्षभर तरी मी या घरात बोलताना आधी जीभ चावायची आणि मग बोलायची.

कौशल्याचं गाठून होत आलं होतं, तेवढ्यात दारात चपला वाजल्या. लातूरच्या एका मोठ्या सराफाकडे कामाला असलेले वेदपाठक आले होते. वर्षातून दोनदा यायचे, पाच-दहा नग गाठून घ्यायचे आणि दिवेलागणीच्या आत परत जायचे. आत्यांनी मान वर केली आणि मी नाव घेईपर्यंत त्या तशाच बघत राहिल्या.

"मावशी, यंदा काम मोठं आहे," वेदपाठक बसायच्या आधीच म्हणाले. "अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे सामुदायिक विवाह आहे. एकशे एक्कावन्न जोडपी. मंगळसूत्रं द्यायचं शेठजींनी कबूल केलंय. वाट्या आमच्या, मणी आमचे. गाठायचं तुम्ही."

माझ्या हातातला गुळाचा खडा खाली पडला. एकशे एक्कावन्न!

"तयार चेनी मिळतात की हल्ली," आत्या म्हणाल्या.

"मिळतात. पण शेठजींच्या आईसाहेब ऐकत नाहीत. दोऱ्यात गाठलेलंच हवं म्हणतात. त्यांचं स्वतःचं तुमच्या हातचं आहे ना. बत्तीस वर्षांत एकदाही वाढवलं नाही म्हणे."

"किती दिवस हायत?"

"मी गुरुवारी दुपारी उत्तराला येतो. तिथून पुढे बारा दिवस. हे नीट पार पडलं तर दर लग्नसराईचं काम इथंच. नाही जमलं तर मला सोलापूरला दुसरं माणूस बघावं लागेल." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही समजवा त्यांना."

ते गेले. आत्यांनी कौशल्याच्या गळ्यात मंगळसूत्र घातलं, हळकुंडाचा दोरा सोडवून तिच्याच हातात दिला आणि मग जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाल्या, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

मला ते काम हवं होतं. भूक लागावी तसं हवं होतं. अकरा वर्षं मी या खोलीत "मालू, सहा मणी घाल" ऐकत होते. लोक यायचे ते आत्यांकडे. मी त्यांची सून, मणी घालणारी. पण एकशे एक्कावन्न मंगळसूत्रं एकट्या आत्यांच्या हातून होणार नव्हती. त्याला मी लागणार होते. असं काम त्या घरात पहिल्यांदाच आलं होतं.

"आत्या, आपण वाढवू या की जरा," मी त्याच संध्याकाळी म्हटलं. "किती दिवस एकेक गाठत बसायचं?"

"दुसऱ्याच्या बायकोचं मंगळसूत्र आपल्या घरात रात्रीचं ठेवत न्हाईत. ठावं हाय न्हवं तुला? तिचं सौभाग्य आपल्याकडं मुक्कामाला नगं. एकशे एक्कावन्न कुठं ठेवशील?"

"पण ती अजून कुणाच्या गळ्यातली आहेत का? लग्नंच व्हायची आहेत त्यांची!"

"गुडघं दुखाय लागलं," म्हणून त्या आत जाऊन पडल्या. त्यांचे गुडघे संक्रांतीपासून असे सोयीने दुखत असत. देवळात जायचं म्हटलं की दुखत, बाजारात जायचं म्हटलं की दुखत, मणी निवडायची वेळ आली की तर हमखास दुखत. मण्यांचं सगळं माझ्यावर टाकून त्या नुसत्या गाठी मारत बसायच्या. मला वाटायचं, म्हातारीने आता सुनेला राबवायचं ठरवलेलं दिसतंय.

मंगळवारी मी घड्याळ लावून बसले. देवघरातलं गजराचं घड्याळ सतरंजीवर आणलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एक मंगळसूत्र स्वतः गाठलं. सव्वा तास. आत्यांचा वेग माझ्यापेक्षा जास्त धरला तरी दोघींची मिळून दिवसाला बारा, फार तर तेरा होणार. यात जेवण धरलं नव्हतं, आंघोळ धरली नव्हती, आणि दुखणारे गुडघे तर नव्हतेच धरले. मी परत हिशोब केला. मग आंघोळ पाच मिनिटांची केली. तेव्हा कुठे तेरा जमली. तोवर तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली होती.

आमचे हे, म्हणजे रमाकांत, जिनिंगच्या कारखान्यात होते. घरी आल्यावर त्यांनी भाकरीचा वास घेतला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"घरात दोन बायका, चार हात आणि दीडशे मंगळसूत्रं," ते म्हणाले. "रावणाला बोलवून घे. वीस हात आहेत त्याला."

"चेष्टा नकोय. आत्यांना तुम्ही सांगा."

"आईला? मी?" ते हसले. "त्या डब्यातलं मला काही कळत नाही. तुझं तू विचार. पण अंगावर घेऊन मांडवात एकशे एक्कावन्न नवऱ्या उघड्या गळ्यानं उभ्या राहिल्या, तर बार्शी सोडून पळावं लागेल, एवढं ध्यानात ठेव."

ते गमतीत बोलले. मी मात्र ते खरंच धरलं. नको म्हणवत नव्हतं आणि हो म्हणायची भीती वाटत होती. बुधवारी मी आमटीत दोनदा मीठ घातलं. खोलीच्या फरशा मोजल्या, बेचाळीस होत्या. मणी ठेवायला दुकानातून स्टीलची चार नवी ताटं आणली आणि आत्यांना दिसू नयेत म्हणून पिठाच्या डब्यामागे लपवली. माझा स्वभावच असा, दूध तापायच्या आधी उतू जाणारा. दिवसभरात मी आत्यांना चार वेळा विचारलं. भाजी निवडताना विचारलं, वेणी घालून देताना विचारलं.

"काम वाढवायचं ना, आत्या? काय ठरवलंत?"

"बघू."

"उद्या दुपारी येतील ते."

"येऊ दे की. दार उघडं हाय."

चौथ्यांदा विचारलं तेव्हा त्या दोरा अंगठ्याला गुंडाळून नुसत्याच बसल्या होत्या, पुढ्यात काही काम नसताना.

गुरुवारी तीनच्या सुमारास वेदपाठक आले. बरोबर जड पिशवी होती. ती त्यांनी खांद्यावरून उतरवली, पण खाली ठेवली नाही. मी चहा ठेवला, तो त्यांनी उभ्यानेच घेतला. चारची सोलापूरची गाडी होती. आमच्याकडून नकार आला तर ते तिकडे जाणार होते.

"मग, मावशी?"

आत्या भिंतीकडे बघत होत्या. शेवटी मीच विचारलं.

"आत्या, काय सांगू यांना?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग आत्यांनी अंगठ्याचा दोरा सोडला, बोटांनी त्याची घडी केली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "वाढव, मालू. आता वाढव."

"घेतलं काम!" मी जवळजवळ ओरडलेच. "वेदपाठक, आत्या वाढव म्हणाल्या! द्या ती पिशवी इकडे. बारा दिवसांत एकशे एक्कावन्न मोजून घेऊन जा, एकही कमी नाही!"

वेदपाठक हसले आणि त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. मी आत्यांकडे बघितलं. त्यांचा हात डब्याच्या झाकणावर होता. तो तिथेच थांबला होता. तोंड किंचित उघडं होतं, काहीतरी राहून गेल्यासारखं. मग तो हात झाकणावरून मांडीवर आला.

"दोरा कुणाचा?" त्यांनी वेदपाठकांना विचारलं. "तुमचा का आमचा?"

"दोरा तुमचाच, मावशी."

"मग ठीक हाय. माझ्या गाठीला दुसरा दोरा चालत न्हाई."

त्या रात्री मला झोप लागली ती थेट पहाटे कोंबडा आरवेपर्यंत.

शुक्रवारी सकाळी मी खोलीचा नकाशाच बदलला. सतरंजी झटकून दाराजवळ घेतली. पितळी वाट्या फळीवर ठेवून दिल्या आणि नवी ताटं मांडली. वेदपाठकांच्या नमुन्यात सगळे मणी काळे, फक्त वाट्यांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन लाल. काळे जास्त लागणार म्हणून काळ्यांचं ताट उजव्या हाताला ठेवलं, लाल डावीकडे. दर मण्यामागे हात तेवढाच कमी फिरेल. माझ्या या हुशारीचं मला स्वतःलाच फार कौतुक वाटलं. आत्यांना हात धरून आणलं आणि बसवलं.

"घ्या, आत्या. सगळं हाताशी आहे."

त्यांनी दोरा अंगठ्याला अडकवला. आम्ही पाठीला पाठ लावून बसलो, प्रत्येकीसमोर दोन ताटं. मी तोंडाने मणी मोजत होते, त्या गप्प होत्या. माझं पहिलं मंगळसूत्र व्हायच्या आधीच मागून "झालं" असं ऐकू आलं. मला हेवा वाटला. हातातलं तसंच टाकून मी वळले.

आत्यांच्या तळहातावर मंगळसूत्र होतं. दोन पदर, मधोमध वाट्या, एक मणी सैल नाही, गाठ कुठे आहे ते शोधूनही सापडू नये. आणि ते सगळंच्या सगळं लालभडक होतं. फक्त वाट्यांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मणी काळे.

"बरं आलंय न्हवं?" आत्यांनी विचारलं आणि ते माझ्यापुढे धरलं. माझ्यापुढे म्हणजे माझ्या डाव्या खांद्यापुढे.

मी खाली बसले. त्यांचा हात धरून माझ्याकडे वळवला.

"आत्या, हे कोणत्या रंगाचं आहे?"

त्या मंगळसूत्रावरून अंगठा फिरवत राहिल्या. मणी सगळे ज्वारीच्या दाण्याएवढे होते, लाल काय आणि काळे काय. रंग बोटांना कळत नाही.

"ताटं बदललीस व्हय तू," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"संक्रांतीला लेकीकडं गेले होते न्हवं, तवा तिनं दाखवलं. डॉक्टर म्हणला काचबिंदू हाय. गेलेलं परत येत न्हाई म्हणला. माणूस आलं-गेलं कळतं. त्वांड कळत न्हाई."

"अहो, मग सांगायचं नाही का? चार महिने झाले! मला सांगायचं नाही?" मला रडू येत होतं आणि रागही येत होता. "गुडघे दुखतात, गुडघे दुखतात! मी काय काय मनात आणलं तुमच्याबद्दल! सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की," आत्या म्हणाल्या. "काल सांगितलं. वाढव म्हणाले."

मागच्या घरात कुणीतरी पाट्याला टाकी मारून घेत होतं, त्याची टकटक तेवढी ऐकू येत होती.

"आता माझ्यानं व्हायचं न्हाई. डबा वाढव, दुकान वाढव, असं म्हणाले मी. तू भलतंच घेतलंस."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते "आता वाढव" मी अकरा वर्षं रोज संध्याकाळी ऐकत आले होते. शब्द तोच, सूरही तोच. वेदपाठक समोर उभे असतानाही तो सूर माझ्या कानाने बरोबर ओळखला होता. मी ओळखला नाही, कारण मला ओळखायचा नव्हता.

"मग त्यांच्यासमोर गप्प का बसलात? तिथेच म्हणायचं ना, की मालू, तसं नव्हे."

आत्यांनी लाल मंगळसूत्र मांडीवर ठेवलं.

"म्हणणारच होते. पर तू बोललीस. तुझं त्वांड दिसत न्हाई मला, आवाज ऐकला. अकरा वर्षांत या घरात तू तशी कधी बोलली न्हवतीस." त्यांनी मांडीवरचं मंगळसूत्र चाचपलं. "म्या म्हटलं, ऱ्हाऊ दे. हिला तरी हौस हाय."

मी उठले. वेदपाठकांची पिशवी भरायला घेतली. आज शुक्रवार होता, दुपारच्या गाडीने लातूरला जाऊन परत करता आली असती. शेठजींच्या आईसाहेबांचे पाय धरले असते. वाट्यांचे पुडे एकेक करून पिशवीत टाकले.

"काय करतीस?" आत्यांनी विचारलं.

"परत देऊन येते. नाही जमायचं. मी एकटीनं दिवसाला सहा, फार तर सात. आणि माझ्या गाठी म्हणजे..."

"तुझ्या गाठी मी बघितल्यात. मेल्या दोन वर्षांत सुटत्यात." आत्यांनी पाय लांब केला आणि अंगठा हलवला. "बस खाली. मण्याला डोळे लागत्यात. गाठीला न्हाईत. तू ववून दे, म्या गाठते."

"पण माझ्या एकटीच्या ओवण्यानं पुरणार आहे का?"

"या गल्लीत ववणारी तू एकटीच हायस व्हय? ती कौशल्या जल्मभर काय करतीय देवळापुढं?"

मी पदर खोचला आणि चपला न घालताच देवळाकडे पळाले.

कौशल्या आली, तिच्या मागोमाग तिची जाऊ आली. झेंडूचे आणि मोगऱ्याचे हार ओवणाऱ्या बायका त्या. त्यांच्या बोटांना मणी म्हणजे काय! पहिल्या दिवशी नऊ झाली, दुसऱ्या दिवशी अकरा, चौथ्या दिवशी अठरा. आत्यांच्या अंगठ्याला दोऱ्याने चीर पडली. रमाकांतनी तिच्यावर हळद लावून चिंधी बांधली आणि पुन्हा दोरा त्याच चिंधीवर अडकला. मध्येच कुणी "वाढवलंय" म्हणत दारात आलं तर आत्या सगळं थांबवून आधी तिचं करायच्या. माझा जीव खालीवर व्हायचा, पण बोलायची सोय नव्हती. रात्री सगळी तयार मंगळसूत्रं देवघरात जायची, आणि आत्या देवाला सांगायच्या की हे कुणाचंच नाही अजून, राग मानू नको.

दहाव्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला एकशे एक्कावन्नावं झालं. कौशल्या आणि तिची जाऊ घरी गेल्या. मी दोनदा मोजून पिशवी बांधली. जास्तीच्या जोडीतल्या वाट्या परत द्यायच्या म्हणून लाल मंगळसूत्र उसवायला घेतलं तर आत्यांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे ते. वाट्यांचं मजुरीतनं कापू दे," म्हणाल्या. ते आजही डब्याच्या तळाशी आहे.

मग आम्ही दोघी नुसत्या बसून राहिलो. सतरंजीभर दोऱ्याचे तुकडे पडले होते. ही आत्यांची "आता वाढव" म्हणायची वेळ. मी वाट बघितली. त्या म्हणेनात. भिंतीला टेकून, चिंधी बांधलेला अंगठा पुढे करून तशाच बसल्या होत्या. दोन दिवस हातात होते, काम झालं होतं, तरी माझं मन काही ठिकाणावर येईना.

"आत्या," शेवटी मीच विचारलं. "वाढवू?"

त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली.

"कंचं?"

मी डब्याचं झाकण लावलं. सकाळी उठून बघते तर आत्या माझ्याआधी सतरंजीवर येऊन बसल्या होत्या. डब्याचं झाकण उघडं होतं आणि दोरा अंगठ्याला अडकवलेला होता.